टनांचा हिशेब : रासायनिक अभियांत्रिकीची चार वर्षे

बारावीनंतर रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की, ही पदवी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेल्या रसायनशास्त्राचाच पुढचा आणि अधिक कठीण भाग आहे. ही समजूत फार दिवस टिकत नाही, कारण प्रत्यक्ष अभ्यासक्रमात समोर येतात ते नळांतून वाहणारे प्रवाह, उष्णतेची देवघेव, अवकल समीकरणे, पंपांचे आलेख आणि पोलादी टाकीच्या जाडीची गणिते. दोन पदार्थांपासून तिसरा पदार्थ तयार होतो का, आणि होत असल्यास कसा, हा रसायनशास्त्रज्ञाचा प्रश्न असतो. रासायनिक अभियंत्याचे काम तो प्रश्न सुटल्यावर सुरू होते. तोच पदार्थ दिवसाला शंभर टन तयार करायचा झाल्यास कच्चा माल किती लागेल, अभिक्रियेत निर्माण होणारी उष्णता कोणत्या वाटेने बाहेर काढायची, नको असलेले घटक वेगळे कसे करायचे, वेगळे केलेले घटक शेवटी कुठे जाणार आणि या सगळ्याला खर्च किती येणार, या प्रश्नांची उत्तरे त्याला आकड्यांत द्यावी लागतात. या अर्थाने ही पदवी मुळात हिशेबाची पदवी आहे. वस्तुमानाचा, उष्णतेचा, वेगाचा, पैशाचा आणि धोक्याचा हिशेब मांडण्याची सवय चार वर्षांत विद्यार्थ्याच्या अंगी कशी बाणवली जाते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

शाखेचा जन्म

या शाखेचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील सोड्याच्या कारखान्यांत सापडतो. काच, साबण आणि कापड या तिन्ही उद्योगांना सोडा लागे आणि तो मिठावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून लेब्लांक पद्धतीने बनवला जाई. या क्रियेत हायड्रोजन क्लोराइड वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडे आणि धुराड्यावाटे हवेत सोडलेला हा वायू आसपासची झाडे व पिके जाळून टाकत असे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली कायदा करून या वायूचा किमान ९५ टक्के भाग कारखान्यातच अडवण्याचे बंधन मालकांवर घातले. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या निरीक्षकांपैकी एक जॉर्ज डेव्हिस हे होते. कारखान्यामागून कारखाने पाहताना त्यांच्या लक्षात आले की, माल कोणताही असो, प्रत्येक ठिकाणी तापवणे, आटवणे, गाळणे, वाळवणे, वायू पाण्यात शोषून घेणे अशी तीच ती कामे चाललेली असतात आणि या कामांचा स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो. १८८७ मध्ये त्यांनी मँचेस्टर येथील तांत्रिक विद्यालयात या विषयावर व्याख्याने दिली आणि १९०१ मध्ये त्यांचा रासायनिक अभियांत्रिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत लुईस नॉर्टन यांनी १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तर १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी डेव्हिस यांच्या निरीक्षणाला 'एकक क्रिया' असे नाव देऊन त्याला अध्यापनाची चौकट दिली. एकक क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन, बाष्पीभवन, स्फटिकीकरण, गाळण, वाळवणी यांसारखी एकेक भौतिक प्रक्रिया. कोणताही रासायनिक कारखाना अशा क्रियांची साखळी म्हणून मांडता येतो. या मांडणीमुळे अध्यापनाचा मार्गच बदलला. तोवर साखरेचा, रंगांचा, खतांचा असा प्रत्येक उद्योग वेगळा शिकवावा लागे. आता ऊर्ध्वपातन एकदा नीट शिकलेला पदवीधर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातही काम करू शकत होता आणि मद्यार्काच्या आसवनीतही. १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील बर्ड, स्ट्युअर्ट आणि लाइटफूट या तीन प्राध्यापकांच्या ग्रंथाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. संवेग, उष्णता आणि वस्तुमान या तिन्हींचे वहन एकाच गणिती साच्यातून समजून घेता येते, हे त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे मांडले आणि तेव्हापासून ही शाखा अधिक गणिती झाली.

भारतात या विषयाच्या अध्यापनाची सुरुवात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बंगालमध्ये जादवपूर येथे झाली. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. माटुंग्याला स्थिरावलेला हा विभाग अनेक वर्षे 'यूडीसीटी' या नावाने ओळखला जाई आणि आज तो रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून अभिमत विद्यापीठाच्या दर्जाने काम करतो. नागपुरात दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. माटुंग्याच्या विभागात शिकून पुढे तिथेच अध्यापन करणारे प्राध्यापक मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांवर केलेल्या संशोधनाबद्दल त्यांना १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते होत. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत मराठी माध्यमातून शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हेही याच विभागाचे विद्यार्थी असून, १९६६ मध्ये त्यांनी तिथून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली.

पहिला धडा : द्रव्यसंतुलन

पदवीचे पहिले वर्ष बहुतेक विद्यापीठांत सर्व अभियांत्रिकी शाखांना जवळपास सारखेच असते आणि त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन व संगणक आज्ञावली असे विषय येतात. शाखेची खरी ओळख दुसऱ्या वर्षी द्रव्यसंतुलनाने होते. पदविका पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षात आलेले विद्यार्थीही इथेच वर्गात सामील होतात. द्रव्यसंतुलनाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : कोणत्याही उपकरणात आत आलेले आणि त्यात तयार झालेले द्रव्य हे बाहेर गेलेल्या, अभिक्रियेत खर्ची पडलेल्या आणि आत साठलेल्या द्रव्याच्या बेरजेइतके असलेच पाहिजे. नियम सोपा आहे. अवघड असते ते कोणत्या उपकरणाभोवती हिशेबाची सीमा आखायची आणि कोणता घटक धरून गणिताला हात घालायचा हे ठरवणे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला याचे सर्वांत जवळचे उदाहरण साखर कारखान्यात मिळते. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर राज्याच्या ग्रामीण भागात हा उद्योग पसरत गेला. मात्र ऊस, गाळप आणि उतारा यांच्या चर्चेत हा कारखाना एक परिपूर्ण रासायनिक प्रकल्प आहे, ही गोष्ट सहसा मागे पडते. गव्हाणीत पडलेल्या उसाचा रस काढून, चुना व गंधकाच्या धुराने तो स्वच्छ केल्यावर त्यात सुमारे १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असतात. कारखान्याच्या बोलीत हे प्रमाण 'ब्रिक्स' या एककात सांगतात. स्फटिकीकरणापूर्वी हा रस आटवून ६० ब्रिक्सच्या आसपासचे सिरप करावे लागते. यात किती पाणी उडवावे लागेल, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवला जातो.

उत्तरासाठी १०० टन रस धरावा. त्यात १५ टन घन पदार्थ आणि ८५ टन पाणी आहे. आटवताना पाणी उडते, पण घन पदार्थ उडत नाहीत. म्हणजे सिरपमध्येही ते १५ टनच राहणार. सिरपमध्ये त्यांचे प्रमाण ६० टक्के असल्यामुळे सिरपचे एकूण वजन १५ भागिले ०.६, म्हणजे २५ टन होते, आणि उरलेले ७५ टन पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. जो घटक उपकरणातून न बदलता आरपार जातो त्याला धरून गणिताची उकल करायची, ही युक्ती विद्यार्थी इथे शिकतो आणि पदवी संपेपर्यंत ती त्याला सोडत नाही.

दिवसाला २,५०० टन रस हाताळणाऱ्या कारखान्यात याच हिशेबाने रोज सुमारे १,८७५ टन पाणी उडवावे लागते आणि इथे द्रव्याच्या हिशेबाला ऊर्जेचा हिशेब येऊन मिळतो. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंश सेल्सियसपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल उष्णता पुरते, पण त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे पाच पटींहून अधिक उष्णता लागते. बॉयलरमधून आलेली एक किलो वाफ थंड होऊन पाणी होताना साधारण तेवढीच उष्णता देते, म्हणून एकाच भांड्यात रस आटवला तर १,८७५ टन पाण्यासाठी जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच वाफ खर्ची पडेल. हा खर्च कोणत्याही कारखान्याला परवडणारा नाही.

यावरचा तोडगा नॉर्बर्ट रिलिए यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात काढला. रसातून उठणारी वाफ हवेत न सोडता दुसऱ्या भांड्यातला रस तापवायला वापरायची, त्यातून उठणारी वाफ तिसऱ्या भांड्याला द्यायची, असा हा क्रम आहे. मात्र पहिल्या भांड्यातल्या वाफेने दुसऱ्यातला रस उकळायचा असेल, तर दुसऱ्यातला रस त्या वाफेपेक्षा कमी तापमानाला उकळला पाहिजे. त्यासाठी पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी कमी ठेवतात आणि शेवटचे भांडे निर्वात पंपाला जोडतात. कारखान्यात या भांड्यांना 'बॉडी' म्हणतात आणि चार बॉडींच्या संचाला आदर्श परिस्थितीत एक चतुर्थांश, म्हणजे ४७० टनांच्या आसपास वाफ पुरते; प्रत्यक्षात ती काहीशी जास्त लागते. कमी तापमानाला रस आटल्यामुळे साखरेचा नाशही कमी होतो. वाफ वाचली की बॉयलरमध्ये जळणारा उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, वाचतो आणि वाचलेल्या बगॅसवर वीज तयार करून ती विकता येते. चार बॉडींऐवजी सहा का लावू नयेत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थ्याला कळते की, प्रत्येक नव्या बॉडीने वाचणारी वाफ घटत जाते, तर तिची किंमत मात्र पहिलीइतकीच असते, त्यामुळे कुठे थांबायचे हे शेवटी भौतिकशास्त्र आणि पैसा मिळून ठरवतात.

वेग आणि समतोल

द्रव्य आणि ऊर्जा यांचा हिशेब जुळला म्हणजे प्रक्रिया शक्य आहे इतकेच कळते. ती किती दूर जाईल आणि किती वेगाने जाईल, हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर उष्मागतिकी देते, दुसऱ्याचे अभिक्रियांच्या वेगाचा अभ्यास करणारे शास्त्र देते, आणि या दोघांचा मेळ घालण्याला अभिक्रिया अभियांत्रिकी म्हणतात. हे तिन्ही विषय दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांत पसरलेले असतात आणि विषय राहून परीक्षा पुन्हा द्यावी लागणे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ज्याला 'केटी लागणे' म्हणतात, तो प्रसंग 'थर्मो', म्हणजे उष्मागतिकी, या विषयात पुष्कळांवर येतो.

या मेळाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे अमोनिया. मुंबईतल्या ट्रॉम्बे परिसरात आणि अलिबागजवळ थळ येथे याच वायूपासून युरिया बनतो. एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन मिळून दोन भाग अमोनिया तयार होतो; चार भागांचे दोन भाग होत असल्यामुळे दाब वाढवल्यास समतोल अमोनियाच्या बाजूने झुकतो, आणि अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्यामुळे तापमान कमी ठेवल्यासही तसाच झुकतो. पण तापमान कमी केले की अभिक्रियेचा वेग इतका मंदावतो की हाती काहीच लागत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी उत्प्रेरकाच्या, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने १९०९ मध्ये ही अभिक्रिया प्रयोगशाळेत साधली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. बॉश यांच्यापुढची अडचण रसायनशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. उच्च दाबाखालचा तप्त हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकत असे आणि जाड नळकांडी काही दिवसांत ठिसूळ होऊन फुटत. आत कार्बनविरहित मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेर दाब पेलणारे पोलाद अशी रचना करून त्यांनी मार्ग काढला.

आजही लोहाधारित उत्प्रेरकावर ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमानाला आणि वातावरणाच्या शेकडोपट दाबाला ही अभिक्रिया चालवतात, तरी एका फेरीत वायूंचा जेमतेम १५ ते २० टक्के भाग अमोनियात बदलतो. म्हणून तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत फिरवतात. इथे विद्यार्थ्याला एक सूक्ष्म प्रश्न घातला जातो. नायट्रोजन हवेतून घेतलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर थोडा आरगॉन येतो आणि हायड्रोजनबरोबर थोडा मिथेन येतो. हे दोन्ही वायू अभिक्रियेत भाग घेत नाहीत आणि अमोनियाबरोबर बाहेरही फारसे पडत नाहीत, तर मग त्यांचे काय होते? द्रव्यसंतुलन मांडले की उत्तर स्पष्ट होते : ते फिरत्या वायूत साठत जातील आणि शेवटी अभिक्रिया गुदमरून टाकतील. त्यासाठी फिरत्या वायूचा थोडा भाग सतत बाहेर काढावा लागतो आणि त्याबरोबर मौल्यवान हायड्रोजनही जातो. तो परत मिळवण्यासाठी पुन्हा वेगळे उपकरण लागते. आत येणारा प्रत्येक घटक कुठून तरी बाहेर पडलाच पाहिजे, नाहीतर तो साठतो, हा धडा या एका उदाहरणातून पक्का होतो.

वेगळे करण्याचे शास्त्र

रासायनिक कारखान्यातील पोलादाचा आणि इंधनाचा मोठा वाटा पदार्थ तयार करण्यापेक्षा ते एकमेकांपासून वेगळे करण्यावर खर्च होतो, म्हणून तिसऱ्या वर्षी वस्तुमान-स्थानांतरण या विषयाला मोठे महत्त्व असते. साखर कारखान्यातून निघणारी मळी आंबवून मिळणाऱ्या द्रावात साधारण ८ टक्के मद्यार्क असतो. मद्यार्क ७८.४ अंशांना आणि पाणी १०० अंशांना उकळत असल्यामुळे, द्राव उकळल्यावर वर येणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण अधिक असते; ती वाफ थंड करून पुन्हा उकळली तर ते आणखी वाढते. उंच मनोऱ्यात एकावर एक ताटे बसवून हीच क्रिया अनेकदा घडवतात. किती ताटे लागतील हे काढण्याची आलेख-पद्धत वॉरन मॅककेब आणि अर्नेस्ट थील यांनी १९२५ मध्ये शोधली आणि शंभर वर्षांनंतरही ती प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने काढायला लावतात. आलेखाच्या कागदावर द्राव आणि वाफ यांच्यातल्या समतोलाची वक्ररेषा काढायची, तिच्याखाली मनोऱ्याच्या हिशेबाच्या दोन सरळ रेषा ओढायच्या आणि टोकदार पेन्सिलीने या दोहोंमध्ये पायऱ्या उतरवत जायचे. जितक्या पायऱ्या तितकी ताटे. मनोऱ्याच्या माथ्यावरून निघालेल्या मद्यार्काचा जास्त भाग पुन्हा आत सोडला तर ताटे कमी लागतात, पण वाफ जास्त खर्ची पडते. कमी सोडला तर उलट घडते. संगणकाच्या प्रणाली हे गणित क्षणात करतात, परंतु पायऱ्या हाताने मोजलेल्या विद्यार्थ्याला संगणकाचे उत्तर चुकल्याची शंका वेळीच येते.

याच आलेखावर एक अडथळाही दिसतो. वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी समतोलाची रेषा कर्णाला जाऊन मिळते, म्हणजे द्रवात आणि वाफेत मद्यार्काचे प्रमाण सारखेच होते, आणि मग साध्या ऊर्ध्वपातनाने पुढे जाता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्याचा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, याहून शुद्ध लागतो, त्यासाठी झिओलाइटच्या खड्यांमधून वाफ नेतात. या खड्यांची रंध्रे इतकी बारीक असतात की पाण्याचे रेणू आत अडकतात आणि मद्यार्काचे रेणू बाहेरूनच पुढे निघून जातात.

परंतु आसवनीचा हिशेब मनोऱ्याच्या माथ्याशी संपत नाही. द्रावात ८ टक्के मद्यार्क असेल, तर एक लिटर मद्यार्कासाठी साडेबारा लिटर द्राव आत घालावा लागतो आणि तळातून साडेअकरा लिटरांच्या घरात तपकिरी, आम्लयुक्त सांडपाणी बाहेर पडते. दिवसाला ३०,००० लिटर मद्यार्क काढणाऱ्या आसवनीत हा आकडा साडेतीन लाख लिटरांजवळ जातो. 'स्पेंट वॉश' म्हणून ओळखले जाणारे हे पाणी तसेच ओढ्यात गेले, तर त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषून घेतात आणि मासे मरतात. म्हणून त्यातून आधी जैववायू काढणे, मग ते आटवणे, उरलेला भाग कंपोस्टमध्ये मिसळणे किंवा बॉयलरमध्ये जाळणे अशी पुढची साखळी उभारावी लागते. इंग्लंडमधील कारखान्यांत जॉर्ज डेव्हिस ज्या कामावर होते, तेच काम नव्या रूपात इथे चालते, आणि उत्पादनाचे गणित व प्रदूषणाचे गणित ही एकाच समीकरणाची दोन टोके आहेत, हे विद्यार्थ्याने इथे समजून घ्यायचे असते.

लहानातून मोठे करताना

पदवीच्या प्रयोगशाळेतली उपकरणे मुद्दाम माणसाच्या उंचीची ठेवलेली असतात, कारण परीक्षानळीत न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसू लागतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला केलेला प्रयोग जवळपास प्रत्येक महाविद्यालयात करून घेतात. काचेच्या लांब नळीतून पाणी वाहते आणि तिच्या मध्यभागी बारीक सुईतून रंग सोडला जातो. झडप थोडीच उघडलेली असताना रंगाची रेषा दोऱ्यासारखी सरळ जाते. झडप आणखी उघडली की ती थरथरू लागते आणि एका टप्प्यानंतर अचानक फुटून सगळे पाणी रंगीत होते. हा टप्पा कधी येतो हे नळीचा व्यास, पाण्याचा वेग, घनता आणि चिकटपणा यांच्यापासून बनलेल्या एका आकड्यावरून ठरते. सुमारे २,१०० च्या खाली प्रवाह शांत असतो, ४,००० च्या वर तो खळबळता असतो. या रेनॉल्ड्स अंकाला कोणतेही एकक नाही आणि त्यामुळेच काचेच्या नळीत मिळालेले ज्ञान मैलोगणती लांबीच्या तेलवाहिनीलाही लागू करता येते.

तरीही सर्व गोष्टी आकाराबरोबर सारख्या वाढत नाहीत. दहा सेंटिमीटर व्यासाचे भांडे त्याच आकाराचे एक मीटर व्यासाचे केले, तर आतल्या द्रवाचे आकारमान हजारपट वाढते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या भिंतीचे क्षेत्रफळ फक्त शंभरपट वाढते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी भिंत दहा पटींनी कमी होते. मोठ्या कढईतले दूध तासन्‌तास गरम राहते ते याच कारणाने. काचेच्या चंबूत सुरक्षित वाटणारी उष्णतादायी अभिक्रिया मोठ्या भांड्यात उष्णता कोंडली जाऊन अनावर होऊ शकते, कारण तापमान वाढले की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते आणि हे चक्र थंड करण्याच्या क्षमतेच्या पुढे निघून जाते. यासाठी चंबूतून थेट कारखान्यात न जाता मधल्या आकाराचा प्रायोगिक संच उभारून पाहतात.

धोक्याचा हिशेब

सुरक्षितता हा विषय पूर्वी अभ्यासक्रमाच्या कडेला असे; दोन दुर्घटनांनी त्याला मध्यभागी आणले. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे सायक्लोहेक्झेनच्या कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मृत्युमुखी पडले. सहा भांड्यांच्या रांगेतले पाचवे भांडे तडा गेल्यामुळे काढून टाकले होते आणि चौथ्या व सहाव्याला जोडण्यासाठी एक तात्पुरता वाकडा नळ, पुरेशी गणिते न करता, बसवला होता, तोच निखळला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेल्या टाकीत पाणी शिरले, उष्णतादायी अभिक्रिया सुरू झाली आणि विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू शोषून घेण्याची व जाळून टाकण्याची यंत्रणाही कामी आली नाही. हजारो माणसे मेली आणि लाखोंच्या आरोग्यावर परिणाम झाला. त्यानंतर भारतात १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी तरतुदी घातल्या गेल्या.

विद्यार्थ्याला यातून एक पद्धत शिकवली जाते. कारखान्याच्या नकाशावरील प्रत्येक नळासमोर थांबून ठरावीक शब्दांनी प्रश्न विचारायचे : प्रवाह नसेल तर? जास्त झाला तर? कमी झाला तर? उलटा वाहिला तर? याऐवजी दुसराच पदार्थ आला तर? प्रत्येक उत्तरासमोर कारण, परिणाम आणि उपाय लिहायचे. 'हॅझॉप' नावाने प्रसिद्ध असलेली ही पद्धत ब्रिटिश रसायन उद्योगात घडली. त्याच उद्योगातले ट्रेव्हर क्लेट्झ यांनी आणखी मूलभूत विचार मांडला : धोकादायक पदार्थावर पहारे बसवण्यापेक्षा तो साठवण्याची गरजच कमी करावी. भोपाळच्या टाकीतला पदार्थ हा अंतिम उत्पादन नसून मधला टप्पा होता, ही गोष्ट या विचाराचे मोल दाखवते.

शेवटचे वर्ष आणि पुढे

चौथ्या वर्षी सुटे विषय एकत्र येतात. प्रक्रिया-नियंत्रणात तापमान, दाब आणि पातळी आपोआप स्थिर कशी ठेवायची हे शिकवले जाते, तर प्रकल्प-आराखड्यात विद्यार्थ्यांच्या गटाला एका पदार्थाचा पूर्ण कारखाना कागदावर उभारावा लागतो. त्यात प्रक्रियेची निवड, द्रव्य व ऊर्जा यांचे ताळेबंद, प्रमुख उपकरणांची मापे, नळ व उपकरणयोजनेचा नकाशा, खर्च, सांडपाण्याची व्यवस्था आणि जागेची निवड हे सारे येते. तीन वर्षांत वेगवेगळ्या वह्यांत सोडवलेली गणिते इथे एकमेकांत गुंततात. एका मनोऱ्याचा दाब बदलला की पंप, उष्णता-विनिमयक आणि खर्च हे सगळेच पुन्हा काढावे लागते. सुटीत तारापूर, रसायनी, रोहा, महाड, लोटे किंवा कुरकुंभ यांसारख्या औद्योगिक वसाहतीत मिळणारे प्रशिक्षण याला पूरक ठरते, कारण गंजलेली झडप, तुंबलेली गाळणी आणि पाळी बदलताना नोंदवहीत राहून गेलेली नोंद यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन सत्रे इंग्रजी पाठ्यपुस्तकांमुळे जड जातात हे खरे आहे. मात्र या शाखेचा गाभा आकृती, एकके आणि समीकरणे यांत असल्यामुळे, प्रत्येक प्रश्नाची आधी आकृती काढून बाणांवर आकडे लिहिण्याची सवय लावली, तर भाषेचा अडसर लवकर कमी होतो. पदवीनंतर उत्पादन, आराखडा, सुरक्षितता, पर्यावरण आणि संशोधन असे रस्ते खुले असतात. उत्पादनातली नोकरी बहुधा रात्रपाळीसह येते आणि शहरापासून दूर राहावे लागते, याची कल्पना प्रवेश घेतानाच असलेली बरी. औषधे, खते आणि इंधन यांच्या जोडीला आता विद्युतघटांचे पदार्थ, हरित हायड्रोजन आणि प्लॅस्टिकचा पुनर्वापर या क्षेत्रांतही याच ज्ञानाची गरज भासते, कारण नव्या उद्योगांतही द्रव्य आणि ऊर्जा यांचे नियम जुनेच असतात.

ही शाखा आपल्याला मानवेल का, हे ठरवताना विद्यार्थ्याने रसायने आवडतात का हा प्रश्न दुय्यम मानावा. बॉयलरच्या धुराड्यातून निघणारा धूर, गावाजवळच्या ओढ्याचा बदललेला रंग किंवा साखरेच्या पोत्यावर छापलेले वजन पाहून, हे किती आहे, कुठून आले आणि उरलेले कुठे गेले, असे विचारावेसे वाटते का, आणि उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत चिकाटी टिकते का, हे त्याने तपासावे. कारखान्यातल्या नफ्याचा हिशेब ठेवणारी माणसे भरपूर असतात. त्याच कारखान्यात आलेल्या प्रत्येक टनाचा, त्यातल्या वाया गेलेल्या भागासह, प्रामाणिक हिशेब ठेवणारा माणूस घडवणे हे या पदवीचे खरे काम आहे, आणि कारखान्याशेजारी राहणाऱ्या लोकांचे पाणी व श्वास त्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतात.